शेवटचा सराव पाठ

"उत्तर येत असेल त्यांनी उजवा हात वर करा, नसेल त्यांनी डावा," असं मी आठवीच्या मुलींना आधीच पढवून ठेवलं होतं. बीएडचा माझा शेवटचा सराव पाठ होता, इंग्रजीतल्या व्हर्ब फ्रेजवर. मागच्या बाकावर परीक्षक मॅडम बसल्या होत्या. पाठ फसला असता तर वर्ष वाया गेलं असतं.

फळ्यावर 'इज ईटिंग' लिहिलं आणि व्हरांड्यात, सासूबाईंच्या मांडीवर, माझी तान्ही लेक रडायला लागली. त्या थोपटत होत्या, पण ते रडणं भुकेचं होतं. मला कळतं ते.

"असं एक वाक्य कोण सांगेल?" मी कसंबसं विचारलं. सगळे हात वर झाले. गडबडीत मी तेजलला उठवलं, आणि तिने वर केलेला हात डावा होता.

तिने आधी फळ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघत म्हणाली, "बेबी इज क्राइंग, मॅडम. जा ना आता!"

वर्ग हसला. मी हातात खडू धरून मागच्या बाकाकडे बघितलं.

"वाक्य बरोबर आहे," परीक्षक मॅडम मागून म्हणाल्या, "आणि त्याच्या पुढचंही. जा, पाजून या तिला. तोवर वर्ग मी बघते."