शफकची बाटली

"बाबा, बाटली लपवूया. अजून वेळ आहे," फरंगीस तिसऱ्यांदा म्हणाली.

कियूमर्स चहाचे पेले पुसत होते. "आणि ती बघायला येणाऱ्या सोतूदेला काय दाखवू, रिकामी फळी? मोहल्लाभर बोंब करील तो."

फरंगीसला एका जागी उभं राहवेना. नऊ वर्षं जर्बेराचे संकर करकरून बापलेकीनं शफक हे नवं फूल काढलं होतं. दिवस बुडतानाचा रंग आणि मध्ये धुरकट जांभळा डोळा. पण हिवाळ्यात काचघर तापवायचा गॅस गेला नि आतली सगळी झाडं एका रात्रीच्या थंडीत मेली. मग लॅबमध्ये ज्यांत रोपं वाढवायची त्या बाटल्यांना बुरशी लागली. दोनच वाचल्या. एकीत शफकची पाच रोपं, दुसरीत बाजारात ढिगानं मिळणारा पांढरा जर्बेरा. शफकची नोंदणी व्हायची होती. तोवर ज्याच्या हाती रोप, त्याचं फूल.

दोन्ही बाटल्यांत बोटाएवढी हिरवी रोपं, अगदी सारखी. ओळख काय ती रबरबँडात अडकवलेल्या चिठ्ठीवर.

"तो बाटली वाखाणणार," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणणार, पेशकश, तुमचीच समजा."

"म्हणावंच लागेल. पाहुण्याला आवडलेली वस्तू पुढे करायची, का छातीशी धरून बसायचं?"

"आणि त्यानं घेतली तर?"

"कुणी घेतं का, वेडे? नाही नाही म्हणत राहायचं असतं, हे दगडालाही कळतं. तू फक्त तोंड सांभाळ. तुझ्या मनातलं आधी तुझ्या नाकावर दिसतं."

सोतूदे आले. पाकदश्तला त्यांची फुलांची बारा काचघरं. दातात साखरेचा खडा धरून त्यांनी दोन पेले चहा संपवला, हवापाण्याचं बोलले, आणि नजर फळीवर गेली.

"हीच का ती? वा ओस्ताद, जीव जडला हो!"

"पेशकश. तुमचीच."

"छे, तुमच्याच हातात शोभते."

"न्याच. माझी शपथ."

"अहो नको, लाजवता मला."

"नाही नेलीत तर मी रुसेन."

सोतूदेंनी पेला खाली ठेवला. "मग तुमचा शब्द कसा मोडू?" म्हणाले, आणि बाटली उचलून मांडीवर घेतली.

फरंगीसनं बाबांकडे पाहिलं. ते खुशाल हसत होते, वर विचारत होते, "आणखी चहा?" म्हातारा खुळावला, तिला वाटलं. आता परत मागायची तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि नाही मागायची तर पुढच्या वर्षी शफक सोतूदेच्या नावानं बाजारात.

"द्या इकडे, कागदात बांधून आणते," ती म्हणाली. "गाडीत हिंदकळेल."

"सून करावी तर अशी," सोतूदे म्हणाले. "पोरगा नाही मला, काय करू!"

आतल्या खोलीत तिनं ती बाटली ठेवली. तिथली दुसरी बाटली घेतली. पांढऱ्याची चिठ्ठी काढली, तिथे शफकची अडकवली. वर्तमानपत्राचे तीन थर, वर सुतळी. बाहेर येऊन तिनं दोन्ही हातांनी पुडकं सोतूदेंना दिलं. नाकावर काही दिसू नये म्हणून मान खाली घातली.

गाडी निघाली. कियूमर्सनी रिवाजाप्रमाणे मागे वाडगाभर पाणी ओतलं, पाहुणा सुखरूप पोचावा म्हणून.

गाडी वळणाआड गेली आणि फरंगीसला हसू आवरेना. "बाबा, तुम्ही पार वाटोळं केलं होतंत! पण शफक घरातच आहे. आत जाऊन बाटली बदलली मी. चिठ्ठीपण बदलली. पांढरा घेऊन गेला बिचारा!"

कियूमर्स मटकन पायरीवर बसले.

"काय झालं, बाबा?"

"सकाळी तू नान आणायला गेलीस," ते म्हणाले, "तेव्हाच मी चिठ्ठ्यांची अदलाबदल करून फळीवर पांढरा ठेवला होता."