परत याल कशावरून?

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला परदेशी जायचं, म्हणून यशोदाबाई मुंबईला व्हिसा काढायला गेल्या. "परत याल कशावरून?" साहेबाने विचारलं. नाशिकजवळच्या मखमलाबादचं शेत त्यांनी नवऱ्यामागे हक्क सोडून मुलाच्या नावावर केलं होतं. सगळ्याच आया करतात, तसं. यांच्या नावावर इथे काहीच नाही, असं म्हणून साहेबाने व्हिसा नाकारला. मनाली माहेरच्या माणसाशिवायच बाळंत झाली.

दुसऱ्या खेपेपर्यंत जावयांची बदली मॉरिशसला झाली होती. तिथे जायला आपल्या लोकांना व्हिसा लागत नव्हता. विमानतळावर परतीचं तिकीट पाहून शिक्का मारला, एवढंच.

बाळंतिणीचा सव्वा महिना होताच यशोदाबाईंनी बॅग भरायला घेतली.

"आई, राहा ना गं अजून. इथं कोण तुला जा म्हणतंय?" मनाली म्हणाली.

"दसरा तोंडावर आलाय. झेंडू तोडणीला आला असंल."

"दादा बघेल की. शेत त्याच्याच नावावर आहे ना?"

यशोदाबाईंनी बॅगेची चेन ओढली.

"शेत त्याचं हाय. झेंडू मी लावलाय."