ढगमहाल

बायको जाऊन चार महिने झाले होते, म्हणून जोतिरामच्या जुळे सोलापुरातल्या घरी यंदा दिवाळी नव्हती. पण किल्ल्याऐवजी कार्टूनमधला गुलाबी ढगमहाल बांधू, असा शब्द तिनं पोरीला दिला होता. जोतिरामनं दारातच विटा रचल्या, गोणपाट टाकून चिखल लिंपला. थोरली बहीण कडाडली, "वर्ष सरलं न्हाय आन् किल्ला करतोस? लोकं तोंडात शेण घालतील!" "घालू देत की, आक्का." बायकोचा रांगोळीचा डबा आणून त्यानं सगळा गुलाबी रंग बुरुजांवर उधळला. शेजारची पोरं हसली, "काका, ह्यात मावळे कुटं?" "मावळे तुमच्याकडं. हितं राणी राहती." पोरीनं बाहुली वरच्या बुरुजावर बसवली. अंधारलं तसं तिनं आत्याकडं बघत विचारलं, "आपल्याला पणती लावायची न्हाय न्हवं, बाबा?" जोतिरामनं काडीपेटी तिच्या हातात दिली. "एक न्हाय, सगळ्या बुरुजांवर लाव."