चिमणीचं वय

“बाबा, उद्यापासून हे सॉफ्टवेअर उघडणारच नाही. चिमणीचा व्हिडिओ करून ठेवते.”

“व्हिडिओत तिला बदलता नाही ना येणार?”

“कार्टून आहे ते, बाबा! तुमची मालिका कधीच संपली. आता काय बदलायचंय?”

ते नुसताच माउस फिरवत बसले. वैतागून मीच फाइल उघडली आणि चक्रावले. दोन वेण्यांची, फ्रॉकमधली चिमणी कुठेच नव्हती. तिच्या जागी माझ्याएवढी बाई उभी होती. डोळ्यांवर चष्मा, कानाशी पिकलेली बट.

“ही कोण?”

“तुझी ताई. चिमणी तिच्यावरूनच काढली होती ना. पाचव्या वर्षी गेली, म्हणून तेवढीच कशी ठेवायची? दर वाढदिवसाला थोडी मोठी करतो.”

बाबांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

“आता तूच सांग, कितव्या वर्षी थांबवू?”