चांदणीचा डबा

“साहेब, तुमच्याकडे रोज एवढा कचरा येतो तरी कुठून?”

हे विचारायची तिची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं! शाळेच्या क्षेत्रभेटीत, प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात, अख्ख्या रांगेसमोर.

मॅनेजर हसले. “बिघडलेले डबे, बाळ. आम्ही ते दळून पुन्हा वापरतो. जेवढं जास्त दळू तेवढी सरकारी सवलत मोठी. सलग तिसऱ्या वर्षी आमचा पहिला नंबर! शनिवारी सत्कार आहे, सगळ्या या.”

दळायच्या मशीनपाशी तिची आई होती, केसांत निळा भुगा. लेकीला बघून ती हसली नाही. उलट मशीनच्या आड सरकली.

मुलीने ढिगातला एक डबा पालथा केला. तळाला चिमुकली चांदणी. याच कारखान्यात डबे बनवणाऱ्या बाबांच्या साच्याचा तिथे टवका उडालाय, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक डब्यावर ती उमटते.

“अगं, तुझे बाबा नापास!” मैत्रीण खिदळली.

 डबा गुपचूप दप्तरात गेला.

घरी बाबांचं नेहमीचं पुराण चालू होतं. “आज चार हजार दोनशे काढले! सगळे थेट बंदरावर. अकरा वर्षांत माझी चांदणी सातासमुद्रापार पोचली असेल.”

तिने डबा त्यांच्यापुढे आदळला. “हा नापास झालाय. काय चुकलं तुमचं?”

बाबांनी चष्मा चढवला. कडेवरून अंगठा फिरवला. पाणी भरलं, झाकण दाबलं, डबा उलटा धरला. एक थेंब गळेल तर शपथ.

“यात खोट नाही. चुकून गेला असेल एखादा.”

“एखादा? बाबा, छताला टेकलेला ढीग होता!”

बाबा आईकडे वळले. “काय गं, आज किती दळलेस?”

आई ताटं मांडत राहिली. मांडलेली ताटं पुन्हा सरळ केली.

“अगं, विचारतोय मी.”

आईने टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं.

“चार हजार एकशे नव्व्याण्णव. अकरा वर्षांत आजच एक कमी भरला.”

बाबांनी डब्यातलं पाणी ओतून टाकलं आणि तळाच्या चांदणीवरून अंगठा फिरवला.

मुलीने डबा उचलला, घासला, खसाखसा पुसला.

“सांगून ठेवते दोघांना,” ती म्हणाली, “शनिवारी सत्काराला मी पहिल्या रांगेत बसणार आणि साहेबांसमोर यातच जेवणार. अकरा वर्षांत फाटकाबाहेर पडलेला बाबांचा हा पहिला डबा आहे.”