दोनदाबाई

दोनदाबाईंनी काचपट्टी पुन्हा उजेडाखाली सरकवली. दुसऱ्यांदाही तेच. मास्तरांचं रक्त ओ गटाचं, आणि वर ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या त्यांच्या लेकीचं एबी.

रक्तपेढीत काम करणाऱ्या कुणालाही हे पाठ असतं. लाखात एखादा अपवाद सोडला, तर ओ गटाच्या बापाला एबी गटाचं मूल होत नाही.

बाईंचं खरं नाव इस्पितळात कुणाला आठवत नसे. प्रत्येक नमुना दोनदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, म्हणून दोनदाबाई. डॉक्टर फोनवर कावायचे. बाई ढिम्म. "घाई तुमची, जीव पेशंटचा," म्हणायच्या आणि दुसरी काचपट्टी घ्यायच्या.

पोरीला लागणारं रक्त साठ्यातून केव्हाच वर गेलं होतं. त्याच्या बदल्यात घरच्यांनी दोन पिशव्या द्यायच्या होत्या. मास्तर सगळ्यांच्या आधी बाही सरसावून खुर्चीत बसले, आणि त्यांच्याच नमुन्याने हा घोळ घातला.

शेजारच्या टेबलावर काम करणारा रेडिओ मान लांब करून बघत होता. तोंड एक मिनिट बंद नसायचं, म्हणून तो रेडिओ.

"बाई," तो खिदळला, "मास्तरांच्या घरी पोस्टमन जरा जास्तच येत असणार!"

"तोंड आवर. नळीत रक्त असतं, कुणाचं चारित्र्य नसतं. ही गोष्ट या खोलीबाहेर गेली, तर पहिली तक्रार माझी असेल."

"गंमत केली हो."

"लोकांच्या संसाराची?"

रेडिओ एकदाचा बंद झाला. बोलून गेल्या खऱ्या, पण बाईंची नजरही काचेतून बाहेरच्या बाकाकडे गेलीच. मास्तरांची बायको तिथे शेजारच्या म्हातारीला लेकीचे पराक्रम सांगत होती. मुलगी दिसेल त्यावर चढायची म्हणून तिचं नाव खारू, आणि आज शाळेच्या भिंतीवरून पडली होती. "चढायचा नाद माझा, हट्ट यांचा," बायको सांगत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

हट्ट यांचा! काय बाई धीर, दोनदाबाईंना वाटलं. राग मात्र येईना. मास्तर विज्ञान शिकवत. वर्गात रक्तगट समजावणाऱ्या माणसाच्या कानावर हे दोन गट एकत्र पडले, तर पुढचं कुणी सांगायला नको. पोर शुद्धीवर यायच्या आत घर मोडायचं. आणि रक्त देणाऱ्याने स्वतःचा गट विचारला, तर लपवायचा कसा? बाईंनी रिपोर्ट कधी खोटा सांगितला नव्हता. आजही सांगणार नव्हत्या.

मास्तर बिस्किट संपवून दारात आले. रक्त देऊन उठलेला माणूस पहिलं तेच विचारतो.

"सगळं ठीक ना?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक."

"मग झालं."

बाईंना हायसं वाटलं. नाहीच विचारलं, देव पावला.

तेवढ्यात वरून निरोप आला. रक्तस्राव थांबला होता, खारू धोक्याबाहेर होती. रेडिओसुद्धा "चला, सुटलो!" म्हणून जेवायला निघून गेला. बायको रडत-हसत आत आली ती बाही वर करूनच.

"ताई, आता माझं घ्या. दुसरी पिशवी माझी."

"तुझ्या अंगात आहे कुठे रक्त?" मास्तर एकदम म्हणाले. "खारूच्या वेळी मरता मरता वाचलीस. दुसरी पिशवी माझा भाऊ देईल."

"आठ वर्षं झाली त्याला, अहो! ऐका ताई, किती दिवस शुद्धच नव्हती मला. डोळे उघडले तर ही कुशीत, टकामका बघतेय. तेव्हापासून हे मला काचेच्या भांड्यासारखं जपतात. घ्या तुम्ही."

किती बेमालूम, बाईंच्या मनात आलं, आणि तसं वाटल्याचं त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी कापूस घेतला, रिकामी नळी उचलली.

"खारूची आई कोण?" नर्सने दारातून हाक मारली. "बाहेर आणलंय तिला. आई-आई करतेय."

"आले गं बाई!" बाही तशीच वर ठेवून बायको धावली. "ताई, मी परत येतेच!"

मास्तर मात्र गेले नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं. बाईंच्या हातातली नळी हातातच राहिली.

"मास्तर, एकाचा रिपोर्ट मी दुसऱ्याला सांगत नाही," त्या घाईने म्हणाल्या.

"तेवढ्याच भरवशावर थांबलोय. माझा ओ, खारूचा एबी. मला माहीत आहे."

बाईंनी नळी खाली ठेवली. आयुष्यभर जी जीभ आवरली, ती आज सुटली.

"जुनं झालं हो ते. पदरात घ्या. ताईंना दोष देऊ नका."

"तिला कसला दोष?" मास्तरांचा आवाज चिरकला. "आमचं बाळ गेलं, तेव्हा ती शुद्धीवर तरी कुठे होती? बाई, हात जोडतो, तेवढं तिचं रक्त तपासू नका. तिचाही गट ओच निघेल. तिला अजून वाटतं, खारू तिच्याच पोटची आहे."