तिसरा पुकारा

सुज्ञ वाचकहो, एका वृद्ध सैनिकाने आपले स्वतःचे नाव परत मिळविण्याकरिता जो अखेरचा प्रयत्न केला, त्याचे निवेदन आता आपणांसमोर सादर होत आहे. ते मन स्थिर ठेवून वाचावे.

"काका, आता फक्त गप्प बसायचं," हेडक्लार्क म्हणाला. "मी जुनं नाव तीनदा पुकारतो. कुणी ओ दिली नाही, की ते खोडलं. मग तुमचं खरं नाव तीनदा पुकारतो. त्याला मात्र 'हजर' म्हणायचं. झालं काम."

सैनिकी दफ्तराची ती जुनी वहिवाट होती. ज्या नावास कोणी धनी नाही, तेच खोडावयाचे, असा तिच्यामागील हेतू. वृद्धाने मान डोलावली. त्याच्या कपाळावर घर्मबिंदू जमले होते.

"घरी मी हाका मारून दमते, तेव्हा ओ निघत नाही यांची," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "आणि इथं गप्प बसायचं तर घाम फुटलाय."

"अगं, ती तुझी हाक. ही फौजेची आहे."

हेडक्लार्क हसला. "लोक नाव राहावं म्हणून जिवाचा आटापिटा करतात, काका. तुम्ही पुसायला आलात."

"ते माझं नाहीच, साहेब. माझ्या थोरल्या भावाचं आहे."

फौजेत निवड थोरल्याची झाली होती. रुजू होण्याच्या आदल्या सायंकाळी तो नदीवर पोहावयास गेला आणि त्याचे कपडे तेवढे काठावर राहिले. प्रेत सापडले नाही. बापाने दारास आतून कडी घातली. "रडायचं नाही," तो आईस म्हणाला. "लोक विचारतील. हातची नोकरी जाईल." पहाटे थोरल्याचे तेच दमट कपडे अंगावर चढवून व त्याचेच कागद खिशात घालून धाकटा निघाला. थोरला फौजेत गेला आणि धाकटा घर सोडून पळाला, असे शेजाऱ्यांस सांगण्यात आले. त्या दिवसापासून धाकट्याचे नाव कोणाच्याही मुखातून निघाले नाही. आईदेखील पत्रात थोरल्याचेच नाव घाली. लग्न लागले, तेही त्याच नावाने. बायकोस खरा प्रकार कळला तो अगदी अलीकडे. "मला काय," ती म्हणाली होती, "'अहो' म्हटलं की माझं भागतं."

फौजेतील एक गोष्ट मात्र त्याने बायकोसही सांगितली नव्हती. सकाळच्या हजेरीस हवालदार त्याची नेहमी थट्टा करी. "काय रे, तुझे ओठ हलायच्या आधीच तुझा आवाज कसा येतो?" सारी तुकडी खदखदून हसे. तो एकटा हसत नसे.

आता डॉक्टरांनी आशा सोडली होती. छावणीच्या भिंतीवर दिवंगत सैनिकांची नावे कोरण्यात येत. "मेल्यावर तरी मी मीच असू दे," एवढेच त्याचे मागणे होते.

हेडक्लार्क उभा राहिला. त्याने घसा साफ करून थोरल्याचे नाव पुकारले.

वृद्धाच्या टाचा आपोआप जुळल्या. जिभेवर शब्द आला. त्याने घाईघाईने खिशातील रुमाल काढून तोंडात कोंबला.

दुसरा पुकारा झाला. त्याचे डोळे भरून आले. बायकोने त्याचे मनगट घट्ट धरले.

तिसरा पुकारा झाला.

"हजर!"

आवाज खणखणीत होता, कोवळा होता, नुकत्याच मिसरूड फुटलेल्या पोराचा होता.

"काका, सांगितलं होतं ना गप्प बसायला!" हेडक्लार्क कडाडला.

"अहो साहेब, यांच्या तोंडात रुमाल आहे. बघा तरी!" बायको म्हणाली.

रुमाल होता. हेडक्लार्कने दाराबाहेर डोकावून पाहिले. दुपारच्या उन्हात संपूर्ण व्हरांडा रिकामा होता. तो परतला, तेव्हा वृद्ध तोंडातील रुमाल ओढून काढीत होता. त्यातून पाण्याची धार लागली. एका माणसाच्या तोंडात मावणार नाही इतके पाणी फरशीवर पसरले, आणि खोलीत नदीच्या गाळाचा वास भरून राहिला.

हेडक्लार्कने हातातील लेखणी खाली ठेवली.

"ओ आली," अखेर हेडक्लार्क हळूच म्हणाला. "आता हे नाव मला खोडता येत नाही, काकू."

"राहू दे ते. पण यांचंही नाव आहे ना? ते पुकारा. ते तरी लिहून घ्या."

हेडक्लार्कने धाकट्याचे नाव पुकारले. इतक्या वर्षांत ते नाव प्रथमच कोणी मोठ्याने उच्चारीत होते.

वृद्ध स्तब्ध बसून होता.

दुसरा पुकारा झाला. "अहो, बोला की!" बायकोने त्यास कोपराने ढोसले. "तुमचंच आहे!"

तिसरा पुकारा झाला. वृद्धाने मान वळवली आणि तो दाराकडे कुतूहलाने पाहू लागला. तेथे कोणीही आले नाही. मग तो बायकोकडे झुकला आणि मघाच्याच त्या खणखणीत, कोवळ्या आवाजात म्हणाला,

"कोण गं हा? आला नाही वाटतं बिचारा."

येथे लेखणी खाली ठेवतो. ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ या निवेदनास दिला, त्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
सोनबा जिनगर